दादाचा दगड इसालूत आहे

न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज यायला लागला, तो दादाची बातमी आल्यानंतरच्या उन्हाळ्यात. भर दुपारी. शाळा सकाळची असल्यानं मी घरी आले होते. माय ओसरीवर आडवी झाली होती, वैनी आत शिलाई मशीनवर. आधी बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी फरशीवर पडल्याचा. मी उठून बघायला गेले. न्हाणीत कुणी नव्हतं. बादली पालथी होती. फरशी मात्र ओली.

मागं वळले तर वैनी दारात उभी.

"तुमाला बी आला का आवाज?" तिनं विचारलं.

मी पायानं फरशीवरचं पाणी मोरीकडं सारलं.

"मला लय दिसापासून यायलाय," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच."

ओसरीवरून माय डोळे न उघडताच म्हणाली, "त्यो पाय धुवायलाय. धुऊ द्या."

हे सांगताना आजही मला अवघडल्यासारखं होतं, कारण आमचं घर असल्या गोष्टींचं नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे देव गाठोड्यात बांधून गोदावरीत सोडले. वडील मास्तर होते. भूत, पितर, अंगात येणं यातलं काही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मेलेला माणूस मेला, त्याचं चांगलं तेवढं आठवायचं, असं ते सांगत, आणि ते गेले तेव्हा आम्ही तसंच वागलो. मी स्वतः देवगाव फाट्याजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण वडिलांचा देह आम्ही डोळ्यांनी पाहिला होता. दादाचं तसं झालं नाही.

दादा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांतला फिटर. सेलूत कापसाच्या गाड्या लागायला लागल्या की त्याचा पाय घरात ठरत नसे. कुठल्या जिनात कुठलं यंत्र कुरकुरतंय ते त्याला रस्त्यावरून जाताना कळायचं. पुढं एका व्यापाऱ्यानं मादागास्करमध्ये जिनिंग घेतलं आणि यंत्रं बसवायला दादाला नेलं. नकाशात मी मुलांना ते बेट आफ्रिकेच्या कडेला दाखवायचे, तेव्हा एखादा तरी मुलगा म्हणायचा, "बाई, तुमचा भाऊ हितंच हाय ना?" दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या गावात त्याचं जिन होतं. हंगाम संपला तरी तो दुरुस्तीला थांबायचा. तिकडून व्हिडिओ कॉल करायचा आणि मायला दाखवायचा, ही बघ यांची गुरं, आपल्यासारखंच वशिंड. भाताला ही माणसं वारी म्हणतेत. भाताची खरपूड पाण्यात उकळून पितेत, लय झ्याक लागतं.

एका सुट्टीत तो आपल्या जोडीदाराच्या गावी गेला. जोडीदार म्हणजे जिनात त्याच्या हाताखाली काम शिकलेला तिथलाच माणूस, दादाच्याच वयाचा. त्याचं गाव इसालूच्या डोंगरांच्या पायथ्याशी. इसालू म्हणजे वाळूच्या दगडाचे डोंगर, त्यात खोल खोल घळी, सगळं सरकारनं राखलेलं रान. तिथल्या एका घळीत अचानक पाण्याचा लोंढा आला आणि दादा गेला. मालकानं माणसं लावून शोध घेतला. काही हाती लागलं नाही.

आम्ही घरी वंदना घेतली, पांढरे कपडे घालून लोक आले, पुण्यानुमोदन झालं. माय त्या सबंध वेळात ज्वारी निवडत बसली होती. फोटोला हार घालायला तिनं हात लावू दिला नाही. "दिसल्याबिगर न्हाई," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि वैनी मंगळसूत्र ठेवू की काढू, असं मला विचारत राहिली, जणू मला ते ठाऊक असणार होतं.

पुढच्या वर्षी मालकाचा फोन आला. तुम्हाला जागा बघायची असेल तर मी सोय करतो, म्हणाला. माझ्या मनात जायचं नव्हतं. वैनी म्हणाली, "ताई, तुमी न्हाई आल्या तर मी एकटी जाईन." मायला मावशीकडं ठेवलं. निघायच्या दिवशी मायनं धपाटे करून दिले, जवसाची चटणी दिली.

"एवढे कशाला, माय?" मी म्हणाले.

"त्याला आवडतेत," ती म्हणाली. "भेटला तर दे."

वैनीनं ते डबे मुकाट्यानं बॅगेत ठेवले.

दोन विमानं बदलून, मध्ये तिथल्या राजधानीत मुक्काम करून आम्ही त्या समुद्रकाठच्या गावी उतरलो. बाहेर उन्हात माणसांची गर्दी होती. मी पाटी घेतलेला माणूस शोधत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"लय दमला असाल. चला, गाडी हिकडं हाय."

वैनीच्या हातातली पिशवी खाली पडली. आवाज दादाचा नव्हता, घसा वेगळा होता. पण "हाय"वर थोडं रेंगाळायची ती दादाचीच लकब, "चला" म्हणताना मान झटकल्यासारखा तोच सूर. वळून पाहिलं तर किडकिडीत, सावळा, कुरळ्या केसांचा एक माणूस हात जोडून उभा होता. जोडीदार. मराठी तो दुसऱ्या कुणाकडून शिकलाच नव्हता. त्यामुळं त्याला मराठी येत होतं ते दादाचंच. तेवढेच शब्द, त्याच चालीत. बाकीचं तो मोडकं हिंदी आणि इंग्रजी मिसळून भागवायचा, आणि मध्येच दादा बोलल्यासारखा बोलायचा.

गाडीत वैनी मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. मला वाटलं झोपली. पण तो काही बोलला की तिच्या पापण्या हलत. थोड्या वेळानं ती डोळे न उघडता म्हणाली, "त्यांना बोलत ऱ्हावा म्हणा."

रस्ता लांबच लांब. आमच्याकडच्यासारखं सपाट, पण काळं काही नाही, सगळं पिवळं गवत आणि मधूनमधून पेटवून दिलेले रानाचे पट्टे. घरं कुडाची, वाऱ्यानं कलतील अशी. आणि रस्त्याच्या कडेला थडगी मात्र पक्क्या दगडी बांधणीची, रंगवलेली, वर गुरांची शिंगं मांडलेली. मी त्यातल्या एका थडग्याकडं बोट केलं. जोडीदारानं हळूच माझं बोट धरून दुमडलं.

"असं न्हाई, ताई. फादी," तो म्हणाला. फादी म्हणजे निषिद्ध. मेलेल्यांकडं ताठ बोट करायचं नाही, दुमडलेलं करायचं.

"घरांपेक्षा ही चांगली बांधलेली आहेत," मी म्हणाले.

तो थोडा विचार करून म्हणाला, "घरात थोडे दिवस. तिथं लय दिवस."

दुपार कलताना डोंगर दिसले. मी वेरूळ पाहिलंय, अजिंठा पाहिलाय. तो आपला काळा कातळ. हे डोंगर भाजलेल्या भाकरीच्या रंगाचे, वाऱ्यापावसानं झिजून खांब झालेले, किल्ले झालेले, काही ठिकाणी माणसाचं तोंड वाटावं असे. सपाट रानातून एकदम उठलेले. उंच कड्यांत मधूनच भोकं होती आणि ती दगडांनी चिणून बंद केली होती. जोडीदारानं बोट दुमडून दाखवलं. त्यांची माणसं. आधी खालच्या खबदाडात ठेवतात, मग वर्षं गेली की हाडं काढून, नव्या कापडात बांधून वरच्या अंगाला नेतात, आपल्या कुळाच्या जागी. दोरानं, कड्यावरून लोंबकळत. वर गेलेला राझाना होतो. राझाना म्हणजे पूर्वज. तो तिथून घराकडं बघत असतो.

"आणि ज्याचं काही सापडलं नाही तो?" वैनीनं विचारलं. विमानतळ सोडल्यापासून त्याला तिनं विचारलेली ती पहिली गोष्ट.

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "घरी चला. आई सांगेल," म्हणाला.

त्याची आई म्हणजे वाळलेल्या खारकेसारखी म्हातारी. केसांच्या बारीक वेण्या, खांद्यावरून गुंडाळलेलं जाडं सुती वस्त्र. तिनं दारातच वैनीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ बघत राहिली. मग काहीतरी बोलली. जोडीदार म्हणाला, "ती म्हणते, फोटोत जाडी होतीस." दादानं तिला वैनीचा फोटो दाखवला होता. वैनीला हसू आलं आणि लगेच तिनं पदर तोंडाला लावला.

घर लाल मातीचं, एकाच खोलीचं. सगळा संसार दाराच्या बाजूला, ईशान्येचा कोपरा मात्र मोकळा. तिथं चटई, तिच्यावर एक जुनी वाटी. तो कोपरा पूर्वजांचा, तिथं कुणी पाय करून झोपत नाही. मी बघत राहिले. आमच्या घरी तोच कोपरा देवांचा होता, असं आत्या सांगायची. आता तिथं वैनीचं शिलाई मशीन असतं.

जेवायला भात आणि कसल्याशा पाल्याची भाजी. नंतर तिनं भांड्याच्या तळाची खरपूड उकळून ते तपकिरी पाणी आमच्यापुढं ठेवलं. त्याला जळकट, गोडसर वास येत होता. वैनीनं एक घोट घेतला आणि तशीच हातात पेला धरून बसली.

मग म्हातारी बोलायला लागली. बाजारभाव सांगावा इतक्या साध्या आवाजात. जोडीदार एकेक वाक्य आमच्याकडं पोचवत होता. तुमचा माणूस आमचा पाहुणा म्हणून आला, हितं जेवला, हितं झोपला आणि हितूनच गेला. म्हणजे त्याची जबाबदारी आमच्या अंगावर आहे. त्याला जागा नव्हती. जागा नसलेला माणूस फिरत राहतो. पावसाळाभर तो दारात यायचा. सकाळी सकाळी. उंबऱ्यावर बसायचा, भिजलेला. मी स्वप्नात विचारलं, काय पाहिजे. म्हणाला, गार वाजतंय. म्हणून आम्ही दगड उभा केला. ज्यांचं शरीर परत येत नाही त्यांच्यासाठी आम्ही दगड उभा करतो, मग त्याला यायला-जायला ठिकाण होतं. दगडाला मी कापड पांघरलं. तेव्हापासून कमी येतो.

मी वडिलांची मुलगी. मनातल्या मनात मी उत्तरं जुळवत होते: अपराधाचं ओझं, म्हातारपण, स्वप्नं. तेवढ्यात म्हातारीनं वैनीकडं वळून विचारलं, "तुमच्याकडं पण येतो का?"

हा प्रश्न आम्हाला सेलूत कुणीही विचारला नव्हता. सांत्वनाला आलेली इतकी माणसं, पण हे कुणी विचारलं नाही.

"यितो," वैनी म्हणाली. "न्हाणीत पाणी वाजतं."

म्हातारीनं मान हलवली. शेजारणीनं पोराची खुशाली सांगितल्यावर हलवावी तशी. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मी पण ऐकलंय." ते मी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. वैनी माझ्याकडं वळून बघायला लागली.

जोडीदार मात्र गप्प झाला होता. मला वाटलं तो पुढचं भाषांतर करायचं विसरला. तो उठून बाहेर गेला.

सकाळी आम्ही घळीकडं निघालो. गार वारं होतं. वाटेत वानरांसारखे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शेपट्यांचे प्राणी उन्हाकडं तोंड करून, दोन्ही हात मांडीवर टाकून बसले होते. विहारात ध्यानाला बसल्यासारखे. वैनी त्यांच्याकडं बघून थबकली. रानात सक्तीचा असतो तसा एक वाटाड्या होता. घळीच्या तोंडाशी जोडीदार त्याला काही बोलला, तशी त्यानं टोपी काढली आणि आम्हाला पुढं जाऊ देऊन तो तिथंच खडकावर बसला.

आत शिरलं की ऊन संपतं. दोन्ही बाजूंना कडे, वर आभाळाची चिंधी. भिंतींवर नेचे, पायाखाली ओली वाळू, आणि कुठून कुठून पाणी पाझरत असलेलं. बाहेर सगळं वाळून कोळ झालेलं असताना आत हे एवढं हिरवं कसं, असं वाटावं. चालता चालता घळ अरुंद होत गेली आणि एका कोंडाशी येऊन थांबली. हिरवंगार पाणी. वरून बारीक धार पडत होती.

जोडीदार एका उंचवट्याजवळ उभा राहिला. दोन माणसं बसतील एवढा कंगोरा होता.

"मी हितं होतो," तो म्हणाला. "जेवण काढत होतो. इथं ऊन होतं. पाऊस वर कुठंतरी झाला, आम्हाला माहीत न्हाई. आवाज आला, ट्रकसारखा. मी ओरडलो. तो तिथं होता." त्यानं दुमडलेलं बोट कोंडाच्या काठच्या एका सपाट दगडाकडं केलं.

"काय करत होते?" वैनीनं विचारलं.

"पाय धुवत होता."

मी वैनीकडं बघितलं नाही. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. ही गोष्ट आम्हाला तोवर कुणी सांगितली नव्हती. मालकानंही नाही. मायला तर नाहीच नाही.

"रात्री आई बोलली, तुम्ही न्हाणी म्हणाला," तो हळूच म्हणाला. "मला भीती वाटली. म्हणून मी बाहेर गेलो."

वैनी त्या सपाट दगडापर्यंत गेली. वाकून तिनं पाण्यात हात घातला आणि लगेच काढला. मग उभी राहून घळीच्या अंधाऱ्या टोकाकडं तोंड करून तिनं हाक मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिनं दादाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. आताही घेतलं नाही.

"अहो!"

कड्यांनी ती हाक उचलली, पुढं नेली, कुठल्याशा वळणावर फिरवली. आणि तिकडून, अंमळ उशिरानं, खालच्या पट्टीत उत्तर आलं.

"हो..."

मग आणखी लांबून, "हो..."

प्रतिध्वनी कसा होतो ते मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. आवाज आपटतो, परत येतो, पहिलं अक्षर विरतं, शेवटचं उरतं. मला ते सगळं ठाऊक होतं, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते. वैनीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला ते बघायचा हक्क नाही असं वाटलं. ती पुन्हा हाक मारणार होती. पाण्यात एक पाऊल घातलंही होतं तिनं.

"वैनी," मागून आवाज आला. "चला की आता."

घळीच्या त्या पोकळीत तो आवाज जोडीदाराचा राहिला नव्हता. तो दादा होता. लग्नाला, बाजाराला, कुठंही उशीर झाला की दारात उभा राहून तो असंच म्हणायचा, कंटाळल्यासारखं, पण प्रेमानं. वैनी गर्रकन वळली. जोडीदार पांढराफटक पडला होता. अशा जागी गेलेल्याला हाक मारणं त्यांच्यात फादी, आणि ती दुसऱ्यांदा हाक मारणार म्हणून तो घाईनं बोलून गेला होता. त्याला जे शब्द येत होते त्याच शब्दांत.

"आले," वैनी म्हणाली. पदर सावरून पाण्यातून बाहेर आली आणि आमच्या पुढं चालायला लागली. घळीच्या तोंडापर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दगड गावाबाहेर, एका टेकाडावर होता. छातीएवढा उंच, लालसर, तासलेला नाही, तसाच आणून रोवलेला. त्याच्याभोवती म्हातारीच्या खांद्यावर होतं तसलंच सुती वस्त्र गुंडाळलेलं. पायथ्याशी लहान लहान दगडांची रास. येणारा-जाणारा एकेक ठेवतो. दादाला तिथं ओळखणारी माणसं मोजकीच असतील, पण रास चांगली मोठी होती.

आम्ही काय करायचं ते आम्हाला कळेना. मी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली, वैनीनं आवाज मिळवला. वाऱ्यावर आमचे शब्द धड ऐकूही येत नव्हते. नंतर वैनीनं पिशवीतून धपाटे काढले. कडक झाले होते. म्हातारीनं त्यातला एक घेतला, वास घेतला, तुकडा मोडून दगडापाशी ठेवला, आणि उरलेला आम्हा सगळ्यांत वाटला. दगडाजवळ उभे राहून आम्ही मायच्या हातचे धपाटे खाल्ले. म्हातारीला तिखट लागलं. डोळे पुसत ती काहीतरी म्हणाली आणि जोडीदार हसला. "म्हणते, हे खाणारा माणूस गार कसा पडला?"

त्या टेकाडावर फोनला रेंज होती. मी मावशीचा नंबर लावला. मायचा चेहरा पडद्यावर आला, नेहमीसारखा अर्धा, कपाळ आणि एक डोळा. मी तिला डोंगर दाखवले. दगडाकडं फोन वळवायचा धीर मला झाला नाही. तेवढ्यात मागं उभा असलेला जोडीदार म्हणाला, "माय, जेवली का?"

पडद्यावरचा डोळा हलायचा थांबला. मावशी पलीकडून विचारत होती, कोण हाय, कोण बोलायलाय.

"जेवले," माय म्हणाली. मग, "कोण हाय तू?"

"मी त्याच्यासोबत होतो, माय."

"शेवटला?"

"हो."

मायनं फोन जवळ घेतला असावा, पडद्यावर नुसता अंधार झाला. त्या अंधारातून तिनं विचारलं, "त्याला भेव वाटलं का?"

हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर पाण्यासारखा साचून होता. वैनीनं कधी उच्चारला नाही, मी नाही. जोडीदारानं माझ्याकडं पाहिलं, शब्द जुळवले.

"न्हाई, माय. तो हसत होता. म्हणाला, पाणी लय गार हाय. मग पाणी आलं. भ्यायला टाइम न्हाई मिळाला."

"बरं," माय म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बरं." आणि फोन मावशीकडं दिला.

मग मी दगडाचा फोटो काढून पाठवला. आम्ही परत आल्यावर एकदा तिनं तो माझ्या फोनवर मोठा करून बघितला. कापडाचा पोत निरखत होती. "कापूस बरा हाय," म्हणाली. "सूत जाडं कातलंय."

घरी परतल्यावर सगळं उजळलं, निवळलं असं मी सांगणार नाही. काही दुपारी न्हाणीकडं कान लागून मी अजून वाचता वाचता थांबते. पण जोडीदार महिन्यातून एक-दोनदा मायला फोन करायला लागला. त्याचं मराठी वाढत गेलं. आता त्यात मायचे शब्द आले, वैनीचे आले, आणि हळूहळू तो दादासारखा कमी बोलायला लागला. ते माझ्याही ध्यानात आलं आणि वैनीच्याही. एका फोननंतर वैनी म्हणाली, "ताई, आज ते निस्ते सोतासारखेच बोलले." त्या बोलण्यात दादा नव्हता याचं तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं मंगळसूत्र त्याच आठवड्यात काढून ठेवलं. मला न विचारता.

यंदा कापसाच्या गाड्या लागल्या तेव्हा जोडीदाराचा फोन आला, सकाळीच. त्याची आई गेली. झोपेत गेली. आता तिला खालच्या खबदाडात ठेवतील, आणि पुढं कधीतरी वर.

मी मायला सांगितलं. ती अंगणात तूर पाखडत होती. सूप तिनं खाली ठेवलं. मग तिचा खांदा हलायला लागला आणि असा हंबरडा तिच्या छातीतून निघाला की शेजारच्या घरातली बाई हातातली भाकरी तशीच घेऊन धावत आली. दादाला जाऊन वर्षं झाली होती. वडिलांच्या वेळी, दादाच्या वेळी आम्ही ज्याची वाट बघत होतो ते रडणं आता, न पाहिलेल्या बाईसाठी, सेलूच्या त्या अंगणात सगळ्यांसमोर सुटलं होतं. वैनी तिला धरून बसली. मी पाणी आणायला आत गेले आणि मला तांब्या सापडेना.

गल्लीतली माणसं जमली. एकमेकांना विचारायला लागली, कोण गेलं, यांच्यात कोण गेलं. शेजारीण मायच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काकू, कोण होतं तुमचं?"

मायनं पदरानं नाक पुसलं.

"विहीण म्हणा," ती म्हणाली. "लेकाकडची होती."

त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटली नाही. सुतक आम्ही पाळत नाही. पण मायनं चूल पेटवली नाही आणि कुणी तिला का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून दिली. आम्ही तिघी अंगणातच बसून जेवलो. दूर जिनिंग सुरू झालं होतं, त्याचा घरघर आवाज येत होता. माय दोन घास खाऊन थांबली आणि मला म्हणाली, "त्या पोराला फोन लाव. त्यानं काही खाल्लंय का इचारते."